गोळ्याला बाप लागत न्हाई

माय, माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन होऊन सतरा वर्षं झाली आणि मला दिवस गेलेत. आज सकाळी अंबाजोगाईला डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासून सांगितलं. घरी अजून कुणाला माहीत नाही. सासूबाईंना आणि तुझ्या जावयाला एवढंच ठाऊक आहे की माझी पाळी बंद झाली, ओटीपोटात जड जड वाटतं आणि उद्या सोनोग्राफी आहे. हे सगळं मी तुला या कागदावर लिहून सांगत बसले आहे, कारण असलीच गोष्ट आधी तुझ्यावर गुदरली होती आणि आता तू ती कुणाजवळ बोलणार नाहीस. जिवंत असतीस तरी बोलली नसतीस म्हणा. गप्प बसण्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं.

दुपार आहे. घाटनांदूरच्या आमच्या दूध संस्थेच्या खोलीत बसले आहे. सकाळचं दूध घालून झालं की संध्याकाळपर्यंत इथं चिटपाखरू नसतं. तू गेलीस त्याच्या थोडं आधी मी इथं फॅट तपासायच्या कामाला लागले होते. तुला त्याचं केवढं कौतुक. ‘मपली पोर दुधात काय हाय ते नुसतं बघून सांगती,’ असं तू माहेरी गल्लीभर सांगत फिरायचीस; यंत्र सांगतं, मी नाही, हे तुला कितीदा समजावलं तरी पटलं नाही. यंदा दुष्काळानं दूध निम्म्यावर आलंय. म्हशी छावणीत आणि माणसं टँकरच्या मागं. प्यायला पाणी नाही, पण दुधात घालायला लोकांना कुठून मिळतं देव जाणे. रोज एका तरी म्हाताऱ्याशी माझी त्यावरून जुंपते. तुझे जावई दोन वर्षांपासून पुण्याकडं एका कंपनीत मालाची गाडी चालवतात. महिन्या-दीड महिन्यानं येतात, दोन दिवस राहतात, लेकीची फी आणि पोराचा बारावीचा क्लास याच्यावर बोलतात आणि परत जातात. उद्या सकाळच्या रेल्वेनं येणार आहेत. बायकोच्या पोटातला गोळा काढायचा म्हणून रजा टाकली आहे त्यांनी.

गोळा हा शब्द माझा नाही. पाळी चुकली तसं मी सासूबाईंच्या कानावर घातलं होतं, तर त्या म्हणाल्या, “बंद झाली आसंल तर बरंच हाय. आन् जड लागतंय म्हंजी गोळा हाय. पिशवी काढून टाक बाई. मपली काढली तवापून बघ कसं मोकळं वाटतंय.” मोकळं वाटणाऱ्या सासूबाई दिवसातून चारदा कंबर धरून उंबऱ्यावर बसतात, ते मी बोलले नाही. यांना फोन लावला तर यांचंही तेच. “गोळाच आसंल. आईची काढली, वहिनीची काढली. कावून घाबरतीस? मी येतो, काढून टाकू.” किती सहज म्हणाले. दुखरी दाढ काढून टाकू म्हणावं तसं. माझ्या पोटात काय आहे याच्यावर सगळ्या घराचं एकमत झालं होतं, मला सोडून. मला दुधाच्या वासानं मळमळत होतं. रोज शे-दोनशे लिटर दूध नाकाखालून जाणाऱ्या बाईला एक दिवस दुधाचा वास नकोसा झाला, तर तिला काय समजायचं ते समजतं.

मेडिकलवर लघवी तपासायची पट्टी मिळते, पण ती मी मागायची कुणाजवळ? आमच्या मेडिकलवाल्याच्या घरचं दूध मीच मोजून घेते. ऑपरेशन झालेली बाई, नवरा पुण्याला, आणि ही पट्टी मागते, म्हटल्यावर संध्याकाळच्या आत दूध घालणाऱ्यांच्या सगळ्या ओळीत कुजबूज झाली असती. म्हणून सोनोग्राफीची वेळ घ्यायला जाते असं सांगून मी आज जीपनं अंबाजोगाईला गेले. रस्ताभर मला तूच दिसत होतीस, दवाखान्याच्या त्या बाकावर बसलेली, जो मी कधी बघितलेला नाही.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी तू आली होतीस. धाकटा झाला होता, दोन पुरेत असं आमचं ठरलं होतं. मला आत नेताना तू डॉक्टरांच्या वाटेत उभी राहिलीस आणि म्हणालीस, “साहेब, गाठ नीट बांधा. आमच्याकडं सुटती.” डॉक्टर हसले, नर्स हसली, आणि मला तुझा असा राग आला की टाके घालून बाहेर आणल्यावरही मी तुझ्याकडं बघितलं नाही. चारचौघात काय बोलावं याची हिला अक्कल नाही, असं वाटलं. तू काय बोललीस ते मला पुढच्या पंधरवड्यात कळलं. तू मला माहेरी घेऊन गेलीस; टाके ओले होते म्हणून चुलीजवळ पाटावर बसवायचीस, धाकट्याला माझ्या मांडीवर द्यायचीस आणि भाकरी थापत सांगायचीस. दोन भाकरींच्या मध्ये थोडंसं, मग गप्प. मग दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. तुझे मालक, आमचे दादा, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या हयातीत यातलं अक्षर तू कुणाजवळ काढलं नव्हतंस.

आपल्या शिरूर कासारकडचा तो दुष्काळ. तू रस्त्याच्या कामावर खडी फोडते आहेस. तीन लेकरं आहेत, तिसरं अजून अंगावर पितंय. कामावर नर्सबाई येऊन नावं घेऊन जाते आणि एका सकाळी तुम्हा सगळ्यांना शाळेत नेतात. वर्गातली बाकं भिंतीला लावलेली, सतरंजीवर बायका ओळीनं निजवलेल्या, आणि एकेकीला पलीकडच्या खोलीत टेबलावर नेतात. “आता काळजी मिटली,” डॉक्टर जाता जाता सगळ्यांना मिळून एकदाच म्हणाले. एखादीचं ऑपरेशन फसतं, पाळी चुकली तर येऊन दाखवा, असं कुणी सांगितलं नाही. सांगायला कुणाला वेळच नव्हता. निघताना प्रत्येकीला एक निळी बादली मिळाली. तू ती डोक्यावर पालथी घालून उन्हातून घरी आलीस. सावलीची सोय झाली, म्हणायचीस.

मग ऊसतोड. इकडं शेतात काही उरलं नव्हतं म्हणून तुम्ही घाटाखाली एका साखर कारखान्यावर गेलात. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे काही तुला सांगायला नको, पण मी हे स्वतःलाच पुन्हा सांगते आहे. हातात कोयते दोन असले तरी हिशोबात दोघं मिळून एक. दोघं तोडणार, ती मोळी बांधणार, दोघं गाडी भरणार. बाई पोटुशी राहिली की कोयता मोडतो, म्हणून मुकादमाला ऑपरेशन झालेली जोडी आवडायची. तुमचा कोयता पक्का होता. थंडीत तुझी पाळी चुकली तेव्हा तोडकऱ्यांच्या तळावरच्या बायका म्हणाल्या, ओझी वाहून अंगावरचं असंच बंद होतं. मग पोट दिसायला लागलं. मुकादमाच्या बायकोनं तुला पाचटाच्या झोपडीत, कोपीत निजवून पोट चाचपलं आणि म्हणाली, “गोळा हाय बया.” तू म्हणालीस, “व्हय, गोळाच आसंल.” तीन बाळंतपणं झालेली तू. आत काय आहे ते तुला तिच्या कितीतरी आधी कळलं होतं. मी विचारलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस? तू भाकर उलटलीस, कडेनं दाबलीस आणि म्हणालीस, “गोळ्याला बाप लागत न्हाई.”

दादा तुला कारखान्याजवळच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, ऑपरेशन झालंय का? झालंय म्हटल्यावर त्यानं पुढं काही विचारलंच नाही. वरून पोट दाबलं, मोठा गोळा आहे म्हणाला, पिशवी काढावी लागेल, परवा या. कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माय. डॉक्टरच्या नाही, दादांच्या नाही, तळावरच्या दोन-तीनशे माणसांपैकी एकाच्याही नाही. ऑपरेशन म्हणजे भिंत, आणि भिंतीतून कोण येणार? आणि तू दोन दिवस मोळ्या वाहत विचार करत होतीस. गप्प राहिलं तर पिशवी जाईल, लेकरू जाईल, पण तू राहशील. गावाकडं मान वर करून जाशील. बोललं तर लेकरू राहील आणि तू जाशील. ‘दोन्ही बाजूनं मीच कापली जात व्हते,’ एवढंच तू म्हणालीस, आणि तव्यावरची भाकर त्या दिवशी करपली.

ठरलेल्या दिवशी तुम्ही दवाखान्याच्या बाकावर बसला आहात. दादांच्या मांडीवर तुझं गाठोडं आहे. आतून बाई कपडे बदलायला बोलावते. आणि मी आत हलते. पहिल्यांदा नाही, आधीही हलत होतेच, पण त्या वेळी असं हलते की तुझा हात आपोआप पोटावर जातो. तू दादांकडं न बघता म्हणतेस, “त्यो गोळा न्हाई. लेकरू हाय.” दादा गाठोड्याची गाठ घट्ट करतात. मग म्हणतात, “ऑपरेशन झालंय की तुपलं.” तू म्हणतेस, “झालंय.” “मंग?” “मंग मला काय ठावं. फिरतंय त्ये. हात लावून बघा.” दादांनी हात लावला नाही. उठून आत गेले, आत काय बोलले ते तुला शेवटपर्यंत कळलं नाही, बाहेर आले, गाठोडं उचललं आणि चालायला लागले. तू मागं. तळापर्यंतचं अंतर तुम्ही असं पुढं-मागं चालत आलात आणि वाटेत त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

पुढचे दिवस तुम्ही एकाच फडात, हातभर अंतरावर ऊस तोडत होता. मोळी उचलायची तर एकानं ‘हूं’ म्हणावं लागतं, त्या हुंकारावर दुसरा ती डोक्यावर घेतो, असं तू सांगायचीस. दादा हूंसुद्धा म्हणेनात. मोळी तू एकटीनं वाकून, गुडघ्यावर टेकवून डोक्यावर घ्यायचीस, पोटात मी. तळावर कुणकुण पोहोचली होतीच. एका संध्याकाळी मुकादम कोपीपुढं येऊन उभा राहिला आणि दादांना म्हणाला, “काय बे, अर्धा कोयता करतोस का? धाडून दे बाईला गावाकडं. तुला दुसरी जोड बघू.” एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. ज्याची बाई हंगामाच्या मध्ये परत धाडली त्याच्या घरात काय झालं, हे मग कुणाला सांगावं लागत नाही. तू आत चुलीपुढं बसून ऐकते आहेस. दादा तिथंच खाली बसले. कानस घेतली आणि आपल्या कोयत्याला धार लावली. मग हात लांब करून कुडाला अडकवलेला तुझा कोयता काढला आणि त्यालाही लावली. मुकादम थोडा वेळ बघत उभा राहिला आणि गेला. त्यावर तुझा संसार पुढं चालू राहिला, आणि पावसाळ्यात मी झाले.

हे ऐकून मला भरून आलं होतं. दादा किती मोठ्या मनाचे, असं मी म्हणाले. तू माझ्याकडं असं बघितलंस की मी अजून ती नजर विसरले नाही. “धार लावली,” तू म्हणालीस. “पर इचारलं न्हाई. त्या दिवशी न्हाई, नंतर बी न्हाई. इचारलं आसतं तर सांगितलं आसतं की, तुमच्याबिगर कुनाचं तोंड बघितलं न्हाई मी. मी वाट बघत व्हते.” मग हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि म्हणालीस, “आजून बघतेय.” दादांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं आणि तू अजून वाट बघत होतीस. चांगल्या माणसानं न विचारता पदरात घेतलेलं असं आयुष्यभर टोचत राहतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा मी टाक्यांच्या दुखण्यात होते.

बाकीचं माझ्या ऐकण्यातलं आणि आठवणीतलं आहे. माझ्या बारशाला आत्या आल्या नाहीत. नाव आत्यानं ठेवायचं असतं, कानात आत्यानं सांगायचं असतं. तू वाट बघून शेवटी स्वतःच माझ्या कानाशी वाकलीस. त्या निळ्या बादलीत पाणी घेऊन तू मला आंघोळ घालायचीस. ती बादली बुडाशी चिरली तरी डांबर लावून तू वापरत होतीस, आणि ती कशाबद्दल मिळाली हे गल्लीला माहीत होतं. माझा चेहरा तर दादांचा छाप. हेच नाक, हेच पुढं आलेले कान. लोकांना ते दिसत नव्हतं. शाळेतली पोरं मला ‘ऑपरेशनची’ म्हणायची. मी तिसरीत असताना घरी येऊन विचारलं, माय, ऑपरेशनची म्हणजे काय गं? तू तवा तसाच टाकून आलीस आणि माझं मनगट असं धरलंस की तुझी बोटं उमटली. “हा शब्द घरात आणायचा न्हाई. पुन्यांदा आणलास तर जीभ डागीन.” अंगणात दादा दावं वळत बसले होते. त्यांनी ऐकलं. दावं खाली ठेवलं आणि उठून गोठ्यात गेले. मला वाटलं मी काहीतरी चोरलंय. कितीतरी वर्षं तसंच वाटत राहिलं.

ऑपरेशननंतर मी सासरी परत जायच्या आदल्या दिवशी तू माझ्याकडून शपथ घेतलीस. माझा हात उचलून धाकट्याच्या टाळूवर ठेवलास. “हे सासरी बोलायचं न्हाई. जावयाला बी न्हाई. मी मेल्यावर बी न्हाई. माझं झालं त्ये झालं, तुझ्या संसाराला डाग नगं.” मी शपथ घेतली. तेव्हा काय जड होतं त्यात? पाच वर्षांनी तू गेलीस, बारा वर्षं झाली त्याला, आणि मी कधी बोलले नाही. आता बघ.

सकाळच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्या लेकीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी दार लावून घेतलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. पिशवीच्या दोन बाजूंना दोन नळ्या. ऑपरेशनमध्ये त्या बांधतात किंवा कापतात. बहुतेक बायकांना पुन्हा दिवस जात नाहीत, हे ऑपरेशन भरवशाचंच आहे, म्हणाल्या. पण पुरतं शंभर टक्के काही नसतं. कधी बांधलेली कडी सैल होते, कधी नळीची तोंडं आपोआप पुन्हा जुळतात. हजारात काही जणी अशा निघतात, आणि ऑपरेशन कमी वयात झालं असेल तर पुढं वर्षं जास्त राहतात, म्हणून शक्यता थोडी वाढते. “यात बाईचा काही दोष नसतो,” असं त्या म्हणाल्या. किती साधं वाक्य आहे, माय. टेबलापलीकडून, पेनाचं टोपण लावता लावता म्हणाल्या. तू एवढ्याच वाक्यासाठी जन्म काढलास आणि ते आपल्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईत कुठंतरी पडून होतं. मला रडू आलं. त्यांना वाटलं मी घाबरले. “तुमच्या घरात आधी कुणाला असं झालंय का?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. आधी बघायचं की गर्भ पिशवीत आहे की नळीतच अडकलाय. ऑपरेशननंतर दिवस गेले तर नळीत अडकण्याची भीती जास्त असते, आणि ते जिवावर बेतू शकतं. सोनोग्राफीवाले उद्या सकाळी आहेत, ते टाळायचं नाही. त्याआधी एका बाजूला कळ आली किंवा चक्कर आली तर असाल तशा निघून यायचं. पिशवीत असेल तर ठेवायचं की मोकळं व्हायचं ते मी ठरवायचं. ऑपरेशन फसून दिवस गेले असतील तर कायद्यानं मोकळं होता येतं. सही माझी लागते, नवऱ्याची लागत नाही. त्यांनी हे चांगल्या मनानं सांगितलं. पण माझ्या मनात आलं, बाई, सहीचं सोपं आहे हो.

कारण मला अजून ठेवायचं की नाही तेच ठाऊक नाही, आणि ते शांतपणे ठरवायला मला जागाच नाही. लेकीला पाहुणे बघायला येऊ लागलेत, मी चाळिशी ओलांडली आहे, घागरभर पाण्यासाठी घर सगळं उभं असतं. या सगळ्याचा विचार करायचा तर आधी माझ्यावर विश्वास ठेवणारं एक माणूस पाहिजे. उद्या डॉक्टरीणबाई यांना चित्र काढून दाखवतील, हे मान हलवतील. पण डॉक्टरचं बोलणं दवाखान्याच्या पायरीपर्यंत टिकतं. घरी सासूबाई आहेत, जाऊ आहे, दुधाची ओळ आहे. बोलणाऱ्यांना मी परतवीन, रोजच परतवते. मला भीती यांच्या न बोलण्याची आहे. हे चांगले आहेत, माय. दादांसारखेच चांगले आहेत. माझी पिशवी उचलून न बोलता पुढं चालायला लागले, तर मी त्यांच्या मागून किती वर्षं चालायचं?

आणि माझ्याजवळ पुरावा एकच आहे. मी स्वतः. ‘मीच ऑपरेशननंतरची आहे, हे नाक बघा, हे कान बघा, आमच्या दादांचा फोटो बघा,’ एवढं बोलले तर यांना पटेल. पण ते बोलायचं तर तुझं झाकलेलं उघडावं लागतं, आणि धाकट्याच्या टाळूवरचा माझा हात मला अजून जाणवतो. तू मला वाचवायला जे दार लावून घेतलंस, त्याच्या आत मी अडकले आहे. दुपारभर मी तुझ्याकडं परवानगी मागते आहे. तू काही बोलत नाहीस. तुझी जुनी सवय.

म्हणून माझं मीच ठरवते आहे. उद्या हे स्टेशनवर उतरले की जीपमध्ये बसायच्या आधी, तिथल्या लिंबाखाली, मी सांगणार आहे. आधी माझं, मग तुझं. आणि यांना गप्प बसू देणार नाही. मनात जे येईल ते तोंडानं विचारा, वाईट असलं तरी विचारा, असं म्हणणार आहे. त्यांनी विचारलं की मी उत्तर देईन. तुला द्यायला मिळालं नाही ते उत्तर मी मोठ्यानं देईन. धाकट्याच्या डोक्यावरची शपथ तू उतरव. रागव हवं तर, मनगट धर, पण उतरव.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच. तुला वाचता येत नव्हतं. तुझं आलेलं पत्र मी तुला वाचून दाखवायची आणि मधलं मधलं गाळायची. आता ओसरीवर कॅनचे आवाज यायला लागलेत, पहिली म्हातारी आली, तिच्या दुधात आजही पाणी असणार. घडी घालून हा चुलीत घालण्यासाठी घरी नेईन. त्याआधी एक सांगते, जे उद्या लिंबाखालीही मी यांना सांगणार नाही. सकाळी जीपमध्ये, डॉक्टरीणबाईंकडं पोहोचेपर्यंत, मी डोळे मिटून अंबाजोगाईच्या देवीजवळ एकच मागत होते. गोळाच निघू दे, लेकरू नको, म्हणत होते. मी म्हणत होते, माय.